खांबाने घेतलेली नावं

चार्जिंगच्या खांबाने आमच्या यांचं नाव घेतलं, ते घरात बरेच दिवस कुणाच्या लक्षातच आलं नाही, कारण मी त्यांना ‘अहो’ म्हणते आणि ते ‘ओ’ देतात. सगळा संसार या दोन शब्दांवर निभावला. तिसरा शब्द गेला, हे कळणार कसं?

कळलं ते कुरियरवाल्यामुळे. तो दारात उभा राहून एकदा पाकिटाकडे आणि एकदा आमच्या पाटीकडे बघत होता. पाकिटावर पत्ता होता, नाव नव्हतं. पितळी पाटीवर आडनाव होतं, पण त्याच्या आधीची जागा नुसतीच चकचकीत होती.

“साहेबांचं नाव काय?” तो म्हणाला.

मी तोंड उघडलं. नावाच्या सुरुवातीला ओठ मिटायचे की जीभ टाळूला लावायची, तेच मला आठवेना.

“आमचे हे,” मी म्हणाले.

“हे म्हणजे कोण?”

“हे म्हणजे हे.”

तो पाकीट घेऊन परत गेला. आत येऊन मी यांना विचारलं, “अहो, तुमचं नाव काय?” त्यांनी पेपर खाली ठेवला, चष्मा काढला, पुसला, परत घातला. “कालपर्यंत होतं बहुतेक,” ते म्हणाले आणि पेपर पुन्हा वर घेतला.

तेव्हा मला खांबाच्या उद्घाटनाचा दिवस आठवला.

आमच्या कऱ्हाडच्या सोसायटीत इलेक्ट्रिक गाडी पहिल्यांदा मी घेतली. सगळ्यांनी नको म्हणून सांगितलं होतं, म्हणून घेतली. पार्किंगमध्ये चार्जिंगचा खांब बसला, तेव्हा चेअरमननी त्याच्यावर नारळ फोडला. पाणी खांबावरून ओघळलं आणि त्याचा वाकडा डाग पडला तो पडलाच. मग पडदा उजळला आणि त्यावर दोन शब्द आले: नाव घ्या.

कंपनीचा इंजिनिअर जरा ओशाळला. “भाषांतरात काहीतरी झालंय,” तो म्हणाला. “‘नाव द्या’ असं हवं होतं. पण अर्थ एकूण एकच.”

अर्थ एकच कसा असेल? पण बायकांना तेवढंच पुरलं. “घ्या, घ्या उल्काताई, लाजू नका!” कुणीतरी मला पुढे ढकललं. मीही आले रंगात. लग्नात घेतलेला उखाणा एवढ्या वर्षांनी तोंडात जसाच्या तसा आला. कोयनेच्या पाण्यावर चालतो दिवा, अमुकरावांचं नाव घेते, आशीर्वाद हवा. ‘अमुक’च्या जागी तेव्हा त्यांचं नाव होतं. आता लिहिताना तिथे काही येत नाही, म्हणून अमुक.

खांबाचा दिवा हिरवा झाला. पडद्यावर आलं: नाव घेतलं.

माझ्यामागून सगळ्याच पुढे झाल्या. ज्यांच्याकडे गाडी नव्हती त्याही. हळदीकुंकवाला मिळत नाही एवढी दाद मिळत होती, कोण मागे राहील? प्रत्येक उखाण्याला टाळ्या पडल्या, प्रत्येकीला हिरवा दिवा मिळाला आणि त्या एका सकाळीत सोसायटीतल्या सगळ्या नवऱ्यांची नावं खांबाने घेतली. बहुतेक घरांत ‘अहो’ असल्यामुळे बोभाटा झाला नाही. फक्त वरच्या मजल्यावरची सायली नवऱ्याला नावाने हाक मारते. ती त्या संध्याकाळी गॅलरीत उभी राहून तोंड नुसतंच उघडत-मिटत होती. मी तेव्हा तिला नावं ठेवली. नावं ठेवण्यात माझा हात कुणी धरणार नाही.

मी कंपनीला फोन लावला. एका मुलीने उचलला.

“आमच्या यांचं नाव तुमच्या खांबाकडे राहिलंय,” मी म्हणाले.

“होय मॅडम. अगदी सुरक्षित आहे.”

“मला परत हवंय.”

“सुरक्षित आहे मॅडम.”

“पण कुणापासून सुरक्षित?”

“आपल्यापासून, मॅडम. आपणच ते चारचौघांत मोठ्याने म्हणता.”

मी फोन ठेवला. खरं म्हणजे तिने चूक काय सांगितलं होतं?

हळूहळू अंगवळणी पडलं. वॉचमन नाव विचारल्याशिवाय आत सोडत नाही, त्यामुळे संध्याकाळी फिरून आलेले नवरे गेटबाहेरच्या बाकावर बसून राहायचे. आम्ही बायका जाऊन त्यांना घेऊन यायचो. “हे आमचे,” म्हणायचं, की वॉचमन सोडायचा. एकदा तळमजल्याच्या गोरेबाईंनी अंधूक उजेडात भलत्यालाच ‘अहो’ म्हटलं, तर ते गृहस्थ मुकाट्याने उठून त्यांच्यामागून गेले आणि त्यांच्याकडे जेवलेसुद्धा. ज्याला नाव नाही तो हाकेमागे जातो. सोसायटीत त्यावर दोन दिवस हसू होतं, मग ते विरलं.

त्याच सुमारास धाकटी आली. धाकटी म्हणजे माझी बहीण. भर दुपारी आली, पायांत दोन वेगवेगळ्या चपला होत्या. पदर मानेभोवती घट्ट लपेटला होता. तो मी सोडवला, तर मानेवर बोटांच्या खुणा होत्या.

“ताई,” ती म्हणाली, “आता परत गेले तर ते मला ठेवणार नाहीत. मारून टाकतील.”

तिने हे भाजीत मीठ कमी आहे म्हणावं तसं सांगितलं. मला इतका संताप आला, की मी पाणी द्यायचं सोडून घरभर फिरत राहिले. याआधी तीनदा तिला समजूत घालून परत पाठवणाऱ्यांत आमचंच घर होतं. ह्या वेळी मी चहासुद्धा ठेवला नाही. तिला गाडीत बसवलं आणि घाटापलीकडे शिरवंड्याला नेलं. तिथे माझी शाळेतली मैत्रीण हौसा पिठाची गिरणी चालवते. गिरणीच्या वर एक खोली आहे. खालून दिवसभर घरघर, वर एकच खिडकी, बाहेर बाजाराची गल्ली. धाकटीने वाटेतच आपला फोन नदीत टाकला आणि खोलीत शिरून आतून दोन्ही कड्या लावल्या.

ती कुणाच्या हातचं खाईना. हौसाच्याही नाही. मी डबा नेला की जेवायची, उरलेलं पुरवून पुरवून खायची. म्हणून मला दर गुरुवारी जावं लागे. एसटीने जाण्यात अर्थ नव्हता. एसटीत आपल्या ओळखीचं कुणी ना कुणी भेटतंच आणि ‘कुठं निघालात?’ विचारल्याशिवाय सोडत नाही. मी गाडी घेतली ती खरं तर ह्याच प्रश्नासाठी. पण गाडीची बॅटरी घाट चढून उतरण्याएवढी नव्हती. जाताना घाटाच्या पायथ्याशी, मिसळीच्या हॉटेलाशेजारी, चार्जिंगला थांबावं लागे.

तिथेही आमचाच खांब होता. आमच्यासारखा नव्हे, आमचाच. त्याच्यावर नारळाच्या पाण्याचा तोच वाकडा डाग होता. मी हॉटेलवाल्याला विचारलं तर म्हणाला, “खांब एकच हाय बाई. सगळीकडं उभा असतोय एवढंच.” मला ते पटलं. मी कोयनेच्या पाण्याचा उखाणा नावाची जागा रिकामी सोडून म्हटला; नाव त्याच्याकडे होतंच. दिवा हिरवा झाला, गाडी भरली.

मकरंदराव आमच्याकडे आले ते कंदी पेढे घेऊन. मकरंदराव म्हणजे धाकटीचा नवरा. त्यांचं नाव शाबूत होतं, कारण धाकटीने ते कुठल्याही खांबापाशी घेतलं नव्हतं. ते वाकून माझ्या पाया पडले, यांच्याही पडले.

“ताई, ही कुठं आहे?” त्यांनी विचारलं.

“मला काय माहीत?”

“लोक विचारतात. काय सांगू? घराण्याचं नाव जातं हो.”

“बसा,” मी म्हणाले. “सरबत करते.”

जावयाला सरबत करायचं, ही सवय हाताला असते. त्यांनी आवाज चढवला असता तर मी नीट भांडले असते, पण ते फार नम्र होते आणि मला त्या नम्रपणाचीच भीती वाटली. त्यांनी सरबत घेतलं, पेला स्वतः विसळून ठेवला आणि जाताना सहज म्हणाले, “ताई, तुम्ही लग्नात कुठला उखाणा घेतला होतात हो?”

“आठवत नाही,” मी म्हणाले.

“असू दे,” ते म्हणाले. “कुणाला तरी आठवतच असेल.”

दुसऱ्याच दिवशी कुमुदमावशीचा फोन आला. ही माझ्या आईची बहीण. आमच्या घराण्यात कुणी कुठल्या लग्नात काय उखाणा घेतला, ते सगळं तिला तोंडपाठ आहे.

“अगं, किती गुणी जावई!” मावशी म्हणाली. “घराण्यातले उखाणे गोळा करतोय म्हणे. दोन तास बसला, मला दाढेला लावायची गोळीसुद्धा आणून दिली. तुझा सांगितला हो मी त्याला, कोयनेचा. काय खूश झाला!”

मी तशीच खाली धावले. मकरंदराव खांबासमोर उभे होते, चपला बाजूला काढून. ते माझा उखाणा म्हणत होते. खांबाला आवाज कळत नाही, शब्द तेवढे कळतात, आणि शब्द बरोबर होते. यांच्या नावाशी तेही माझ्यासारखेच रिकामी जागा सोडून पुढे गेले. दिवा हिरवा झाला.

“ह्या कुठं कुठं गेल्या होत्या?” त्यांनी विचारलं.

“कऱ्हाड,” खांब म्हणाला. त्याचा आवाज बाईचा आहे, गोड आहे. “घाटाचा पायथा. कऱ्हाड. घाटाचा पायथा. दर गुरुवारी.”

“आणि पुढे?”

“पुढे माझा खांब नाही. आपली माहिती पूर्णपणे गोपनीय आहे.”

“थँक्यू,” मकरंदराव म्हणाले. मग त्यांनी मला पाहिलं, हात जोडले आणि चपला घातल्या. घाटाच्या पायथ्यापासून पुढे पाच-सहा गावं आहेत. शिरवंडं त्यातलं सगळ्यात मोठं.

मी उखाणा बदलायचं ठरवलं. खांबाने हरकत घेतली नाही, फक्त नवीन उखाण्याला नवीन नाव हवं म्हणाला. मी माझं स्वतःचं घेऊन पाहिलं. लाल दिवा. स्वतःचं नाव उखाण्यात घेत नसतात, हे मशीनलाही कळत होतं. मग मी विचार केला, गेलेल्या माणसाचं काय जाणार? मी आईचं नाव घेतलं. बरं यमकही जुळलं. दिवा हिरवा झाला, गाडी भरली, मी शिरवंड्याला डबा देऊन आले.

घरी येऊन पाहते तर भिंतीवर आईच्या फोटोत फक्त हार होता. फोटोला घातलेला नव्हे, तो बाहेर होताच. आत, फोटोमध्ये, आईच्या गळ्यातला हार रिकाम्या खुर्चीवर लोंबत होता. रात्री कुमुदमावशीने फोन केला. “उल्का, मला एक बहीण होती ना गं?” ती म्हणाली. “तिला मी काय म्हणायचे?” मी “आक्का म्हणायचीस,” म्हणाले. “आक्का तर सगळ्याच असतात,” मावशी म्हणाली आणि रडायला लागली. मीही रडले. आईला जाऊन बारा वर्षं झाली, पण इतकी गेलेली ती मला कधीच वाटली नव्हती.

आणि एवढं करून उपयोग काही झाला नाही. पुढच्या गुरुवारी खाली उतरले तर खांबाशेजारी प्लॅस्टिकची खुर्ची टाकून मकरंदराव बसलेले. सोसायटीतल्या बायका त्यांना चहा आणून देत होत्या. त्यांनी चेअरमनची रीतसर परवानगी काढली होती. इतका नम्र माणूस परवानगी न काढता बसेलच कसा? मी उखाणा म्हणणार, ते ऐकणार आणि मी पार्किंगमधून बाहेर पडले की तोच उखाणा म्हणून खांबाला सगळं विचारणार. म्हणजे दर खेपेला नवा उखाणा आणि दर उखाण्याला घरातलं एक माणूस.

देवळात नंदीच्या कानात सांगतात तसं मी खांबाला ओठ लावून, तळहाताचा आडोसा करून, अगदी श्वासात म्हटलं. त्या खेपेला माझ्याजवळ मुलाचंच नाव होतं. तो हैदराबादला असतो, लांब आहे, निभावून नेईल, असं मी मनाला सांगितलं. आईने करू नये ते मी केलं, पण शिरवंड्याच्या खोलीतला डबा चार दिवसांपूर्वीच संपला होता. खांबाने ऐकून घेतलं. “खात्रीसाठी पुन्हा म्हणते,” तो म्हणाला आणि त्याने माझा उखाणा सगळ्या पार्किंगला ऐकू जाईल असा खणखणीत म्हणून दाखवला. मकरंदरावांनी मान डोलावून दाद दिली.

त्या रात्री मुलाचा फोन आला.

“आई, मी बोलतोय.”

“कोण मी?”

“मीच गं. मला आज ऑफिसात सोडलं नाही. बाहेर बाकावर बसलोय.”

“बाळा,” मी म्हणाले. तो एकतीस वर्षांचा आहे. त्याच्या बाकावर आणखीही कुणी कुणी बसलेलं असावं, कारण मी ‘बाळा’ म्हटल्यावर पलीकडून दोघा-तिघांनी ‘काय?’ म्हणून विचारलं. मी फोन ठेवला आणि देवासमोर बसून राहिले. देवाचं नाव घ्यायचंसुद्धा मला धाडस होईना.

त्या आठवड्यात मकरंदरावांची खुर्ची रिकामी दिसली. मला बरं वाटलं आणि मी लगेच समजले, की बरं वाटायचं कारण नाही. अकराच्या सुमाराला हौसाचा फोन आला. मागे गिरणीची घरघर होती, ती ओरडून बोलत होती.

“उल्के, त्यो माणूस हितं आलाय. बाजारात हिंडतोय. तुझ्या भनीचं नाव घिऊन घरोघरी इचारतोय.”

“कुणी सांगितलं का त्याला?”

“अजून न्हाई. तिला बाहीर कुणी बगितलीच न्हाई. पर आज बाजाराचा दिस. दळणाला बाया येत्यात, त्यांनी कवा ना कवा माझ्या तोंडातनं तिचं नाव ऐकलंय. एखादी सांगंल की गं.”

“तिला काय म्हणालीस?”

“कड्या काडू नगं म्हन्लं. भेलीय पोरगी.”

मी फोन ठेवला. मकरंदरावांजवळ शोधायला एकच गोष्ट होती, धाकटीचं नाव. ते नाव होतं म्हणून त्यांना विचारता येत होतं. नावच राहिलं नाही तर ते विचारणार काय? फोटो दाखवतील म्हणावं, तर आईचा फोटो मी पाहिला होता.

मी खाली उतरले. हे माझ्यामागून आले, त्यांनी न सांगता केबल हातात घेतली. ते हल्ली फारच कमी बोलत, पण तेव्हा बोलले.

“तिला विचारलंस का?”

“कसं विचारू? तिचा फोन नदीत आहे. आणि हे काय हौसाकरवी भर बाजारात ओरडून विचारायचं?”

“तिचं नाव आहे,” ते म्हणाले. “आपलं नाही.”

त्यांच्याइतकं हे कुणाला ठाऊक असणार? पण माझ्या डोळ्यांसमोर धाकटीची मान होती. मी त्यांच्या हातातून केबल घेतली आणि गाडीला लावली. पडद्यावर आलं: नाव घ्या.

आईने लावली अंगणात जाई, अमुकचं नाव घेते, मी तिची ताई.

म्हणताना नाव माझ्या तोंडात पुरतं होतं. शेवटचं होतं म्हणून मी ते सावकाश घेतलं. तिच्या बारशाला ते मीच सुचवलं होतं, पाळण्याखालून जाऊन आत्याच्या आधी मीच तिच्या कानात सांगितलं होतं आणि त्यासाठी मार खाल्ला होता, एवढं सगळं त्या नावाबरोबर एकदम वर आलं. खांबाने ते खात्रीसाठी रिकाम्या पार्किंगला ऐकवलं. दिवा हिरवा झाला. नाव घेतलं.

मी गाडी इतकी जोरात कधी चालवली नव्हती. घाट चढताना मी मनातल्या मनात तिला हाक मारून पाहिली, तर नुसतीच एक जागा होती, दात पडल्यावर असते तशी. पायथ्याला थांबावं लागलं नाही. त्या दिवशी बॅटरी उतरलीच नाही. भारीतलं काहीतरी दिल्याशिवाय खांब इतकं भरत नसावा.

शिरवंड्याचा बाजार भरला होता. गल्लीच्या तोंडाशी, कांद्याच्या ढिगासमोर, मकरंदराव उभे होते. कांदेवाला त्यांना विचारत होता, “सायेब, कोन पायजे तुमाला?”

“माझी,” मकरंदराव म्हणाले आणि थांबले. त्यांचे ओठ मिटले, उघडले. त्यांनी खिशातून मोबाइल काढून लग्नाचा फोटो दाखवला. मी त्यांच्या पाठीमागूनच गेले, मला तो दिसला. मांडव होता, मुंडावळ्या बांधलेले मकरंदराव होते आणि त्यांच्या शेजारी हवेत एक हार लोंबत होता.

“ह्यात तर तुमीच हाय,” कांदेवाला म्हणाला. “सोताला हुडकताय व्हय?”

भोवतालचे हसले. मला इतका आनंद झाला, की मी तिथल्या तिथे हसले असते. धाकटीच्या लग्नानंतरच्या नऊ वर्षांत पहिल्यांदा मकरंदरावांना काय करावं ते कळत नव्हतं. ते मोबाइल उलटा-सुलटा करत होते. मी पदर डोक्यावरून पुढे ओढला, गल्लीत शिरले, गिरणीच्या बाजूचा जिना चढले.

गिरणी चालू होती. जिना थरथरत होता, कठड्यावर पिठाचा थर होता. मी दार वाजवलं.

“कोण?” आतून आवाज आला. घरघरीत तो कुणाचाही वाटला असता.

“मी आहे. उघड. आता काही भीती नाही.”

“मी कोण?”

“ताई.”

“ताई कुणीही म्हणेल,” ती म्हणाली. ती दाराला अगदी चिकटून उभी असावी. “बाहेर माणूस माझ्यासाठी हिंडतोय. सकाळपासून दोन बाया गल्लीतलं दार न् दार वाजवत ‘ताई आहे, उघड’ म्हणून गेल्या. त्यानेच पाठवल्या असणार. तू ताई असशील तर माझं नाव घे.”

मी दारावर हात ठेवला.

“अगं, आवाज ओळख ना माझा.”

“गिरणीत काही ओळखू येत नाही. नाव घे.”

“धाकटे,” मी म्हणाले.

“नाव.”

“ते मी... ते मी ठेवून आले आहे. तुझ्यासाठीच. आता तो तुला कुणालाच विचारू शकत नाही. तूच म्हणून बघ बरं तुझं नाव.”

मग तिने नाव म्हणायचा प्रयत्न केला असावा, कारण पहिल्यांदा श्वास आला आणि मग नुसताच दुसरा श्वास आला.

“ताई,” ती हलकेच म्हणाली, “हे काय केलंस?”

मी म्हणणार होते, की तुला वाचवलं. तेवढ्यात वीज गेली. खाली गिरणीचा पट्टा फटफटत मंद झाला, जातं थांबलं आणि सगळ्या गल्लीत अशी शांतता झाली, की खाली कुणीतरी पीठ झटकलं तेही ऐकू आलं. आता तिला माझा आवाज ओळखता आला असता. मी बोलायला तोंड उघडलं.

“अगं,” गल्लीतून हाक आली.

मोठ्याने नव्हे. घरातल्या घरात, बाहेरच्या खोलीतून चहासाठी मारतात तशी.

समोरच्या माडीवर शिलाई मशीनवर बसलेली बाई उठली. “ओ,” ती म्हणाली. तिच्या शेजारच्या घरातून एकीने कणकेच्या हातांनी पडदा बाजूला केला. “आले हो,” ती म्हणाली. पलीकडून आणखी एक, मग वळणावरून आणखी दोघी. मकरंदराव खाली गल्लीच्या मधोमध उभे होते, एकेका खिडकीकडे नीट बघत, ती नव्हे म्हणून पुढे सरकत. मी दोन्ही हातांनी दार आपल्याकडे ओढून धरलं.

“अगं,” ते पुन्हा म्हणाले.

आतली वरची कडी निघाली. मग खालची.

“आले,” ती म्हणाली.